कार्डिफचा निळा पक्षी आणि लाल ड्रॅगन : एका लोगोबदलाची पूर्ण केस

मॅच सुरू होऊन १९ मिनिटं २७ सेकंद झाले की कार्डिफ सिटी या वेल्समधल्या फुटबॉल क्लबच्या स्टँडमधून गाणं सुरू व्हायचं, आम्ही कायम निळेच राहणार अशा अर्थाचं, आणि त्याच वेळी खाली मैदानात त्यांचीच टीम लाल जर्सी घालून खेळत असायची. समोरच्या टीमला चिडवायला नाही, स्वतःच्याच क्लबला ऐकवायला हे गाणं. १९:२७ ही वेळ पण उगाच निवडलेली नाही, १९२७ साली कार्डिफने लंडनच्या वेम्बलीवर आर्सेनलला १-० हरवून एफए कप ही इंग्लंडची मोठी फुटबॉल स्पर्धा जिंकली होती आणि इंग्लंडबाहेरच्या क्लबने तो कप जिंकल्याची ती आजवरची एकमेव वेळ आहे. म्हणजे बघा, लोगो आणि रंग बदलला म्हणून लोकांनी घड्याळ लावून निषेध केला, आणि त्या घड्याळात स्वतःचा सगळ्यात मोठा दिवस भरला.

मी लोगो डिझाईनचं काम करतो, आणि क्लायंट जेव्हा म्हणतो की जुनं सगळं काढून टाका, फ्रेश काहीतरी द्या, तेव्हा दरवेळी मला ही केस आठवते. स्पोर्ट्सच्या लोगोवर बोलताना आपण फॉन्ट, शेप, रंग यावरच अडकतो, पण कार्डिफमध्ये २०१२ ते २०१५ या तीन वर्षांत जे झालं ते फॉन्टच्या खूप पलीकडचं होतं, म्हणून सगळं नीट पहिल्यापासून लिहितो.

आधी क्लब समजून घ्या. कार्डिफ ही वेल्सची राजधानी, पण क्लब खेळतो इंग्लंडच्या लीगमध्ये. १८९९ साली रिव्हरसाइड या नावाने सुरू झाला, तेव्हा जर्सी चॉकलेटी आणि पिवळसर रंगाची होती, निळ्याचा काही संबंध नव्हता. १९०५ मध्ये कार्डिफला शहराचा दर्जा मिळाला, १९०८ मध्ये क्लबने कार्डिफ सिटी हे नाव घेतलं आणि निळा रंग आला. पक्षी त्याच्याही नंतर. १९११ मध्ये मॉरिस मेटरलिंकचं निळ्या पक्ष्यावरचं नाटक कार्डिफच्या थिएटरमध्ये लागलं होतं, गावात त्याची चर्चा होती, टीम निळी होतीच, लोकांनी टीमला ब्लूबर्ड्स म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. कुठली एजन्सी नाही, ब्रीफ नाही, प्रेझेंटेशन नाही. त्या नाटकात दोन लहान मुलं सुखाचा निळा पक्षी शोधत कुठे कुठे फिरतात आणि शेवटी तो त्यांना स्वतःच्या घरातच सापडतो. पुढे काय झालं ते माहीत असल्यामुळे असेल, पण मला हा भाग वाचताना गलबलून येतं.

म्हणजे हा पक्षी आधी लोकांच्या तोंडात होता आणि बॅजवर बऱ्याच वर्षांनी आला. हे डिझाईनच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, कारण जे चिन्ह लोकांनी स्वतःच्या बोलण्यातून तयार केलंय ते बदलायला गेलात तर तुम्ही एक ड्रॉइंग बदलत नसता, तुम्ही त्यांना सांगत असता की आजपासून तुम्ही स्वतःला वेगळ्या नावाने हाक मारा.

आता पैशाची बाजू, ती सोडून ही केस कळणारच नाही. २०१० मध्ये मलेशियन गुंतवणूकदार क्लबमध्ये आले, त्यातले मुख्य व्हिन्सेंट टॅन, बर्जाया ग्रुपवाले मोठे उद्योगपती. क्लबवर कर्ज होतं, नवीन स्टेडियम २००९ मध्ये झालं होतं, टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये अडकलेली, सगळ्यात वरच्या प्रीमियर लीगच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. आणि जखमेवर मीठ म्हणजे पक्का शत्रू असलेला, वेल्समधलाच शेजारचा स्वॉन्झी सिटी २०११ मध्ये प्रीमियर लीगमध्ये पोचला पण. अशा वेळी मे २०१२ मध्ये बातमी फुटली की मालकांना जर्सी लाल करायची आहे आणि बॅजवर पक्ष्याच्या जागी ड्रॅगन आणायचा आहे. लोक इतके भडकले की क्लबने प्लॅन मागे घेतल्याचं जाहीर केलं, पण त्याबरोबर हेही सूचित केलं की मग पुढच्या गुंतवणुकीचा फेरविचार करावा लागेल. बास, चित्र बदललं. काही आठवड्यांनी, ६ जून २०१२ ला, क्लबने बदल नक्की केल्याचं सांगितलं : घरच्या मॅचना लाल जर्सी, काळी चड्डी, निळा रंग बाहेरच्या मॅचसाठी, नवीन बॅज, आणि सोबत मोठ्या गुंतवणुकीचं आश्वासन, दहा कोटी पाउंडांपर्यंतचे आकडे तेव्हा बातम्यांत फिरत होते.

बऱ्याच फॅन्सनी मान्य केलं हे पण सांगायला हवं. सगळे रस्त्यावर उतरले असं नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात पण मी त्यांना तसं म्हणणार नाही, क्लब बुडताना कुणी पाहिला असेल तर रंग गेला तरी चालेल पण क्लब राहू दे असं वाटणं अगदी माणसासारखं आहे. त्यामुळे घराघरात दोन गट पडले, काहींनी लाल घेतली, काहींनी स्टेडियमला जाणंच सोडलं, आणि खूप जण जात राहिले पण निळी जर्सी घालून. क्लबने लाल स्कार्फ फुकट वाटले. मैदानात लाल अकरा जण आणि स्टँडमध्ये लाल-निळ्याची खिचडी, अशी दृश्यं त्या काळातल्या फोटोंमध्ये दिसतात, आणि आपल्याच टीमशी आपली जर्सी जुळत नाही हे बघायला खरंच विचित्र वाटतं.

आता बॅजवर येतो. २०१२ च्या बॅजमध्ये ढालीच्या मध्यभागी मोठा लाल ड्रॅगन, 'फायर अँड पॅशन' अशी घोषणा आणि खाली एक छोटासा निळा पक्षी. मी एकदा जुना आणि नवा बॅज शेजारी ठेवून हळूहळू लहान करत गेलो, आधी जर्सीवर असतो तेवढा, मग मोबाईलच्या आयकॉनएवढा, मग टीव्हीवर स्कोअरच्या बाजूला दिसतो तेवढा. पंख पसरलेला पक्षी शेवटपर्यंत ओळखू येतो कारण त्याची बाह्यरेषा साधी आहे, एक वळण, एक टोक, दोन पंख. ड्रॅगनला पाय, नखं, शेपूट, जीभ, पंखाच्या काड्या, एवढं सगळं असल्यामुळे तो लहान होताना एक लाल डाग होऊन जातो. आणि खालचा तो छोटा पक्षी तर दुसऱ्या पायरीलाच नुसता ठिपका होतो. एकशे काही वर्षं ज्याच्या नावाने हाक मारली त्याला ठिपका केला. डिझाईनमध्ये साइज म्हणजे मान असतो, कोण मोठा कोण छोटा हे काढणाऱ्याने ठरवलेलं असतं, आणि बघणाऱ्याला ते एका सेकंदात कळतं, त्यासाठी डिझाईन शिकलेलं असावं लागत नाही. माझ्या मते तो पक्षी पूर्ण काढला असता तर राग तेवढाच आला असता पण दुःख थोडं कमी झालं असतं, असा कोपऱ्यात उभा केलेला बघणं जास्त लागलं.

खरी गंमत ड्रॅगनच्या अर्थात आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की वेल्सच्या क्लबवर वेल्सचा ड्रॅगन, यात चुकीचं काय? वेल्सच्या झेंड्यावर पांढऱ्या-हिरव्यावर लाल ड्रॅगन आहेच, १९५९ मध्ये त्या झेंड्याला अधिकृत मान्यता मिळाली, आणि लाल ड्रॅगनने पांढऱ्या ड्रॅगनला हरवल्याची दंतकथा तर हजार वर्षांहून जुनी. मालकांच्या बाजूने विचार केला तर आयडिया जमणारी वाटते : आशियात लाल रंग शुभ, ड्रॅगन म्हणजे ताकद आणि भरभराट, आणि वेल्समध्ये तर तो राष्ट्रीय चिन्ह, म्हणजे एका दगडात दोन पक्षी. कागदावर एकदम परफेक्ट.

पण कागदावरच. कारण ड्रॅगन वेल्समध्ये सगळ्यांचा आहे. तो देशाच्या फुटबॉल टीमचा आहे, रग्बीवाल्यांच्या झेंड्यावर आहे, दुकानाच्या पाटीवर आहे, आणि मुख्य म्हणजे तो स्वॉन्झीवाल्यांचाही तेवढाच आहे. क्लबच्या बॅजचं काम काय असतं, तर शेजारच्या गावापासून आपण वेगळे कसे ते सांगायचं. देशाचं चिन्ह छातीवर लावलं की तुम्ही वेल्श आहात एवढं कळतं, तुम्ही कार्डिफचे आहात हे कळत नाही. निळा पक्षी मात्र फक्त त्यांचा होता, नाटकातून आलेला, अपघाताने मिळालेला, थोडा नाजूक, पण फक्त त्यांचा. आणि रंगाचं तर अजून वाईट, खाडीपलीकडचा ब्रिस्टल सिटी हा जुना प्रतिस्पर्धी, त्यांची जर्सी लाल! म्हणजे लोकांना शत्रूच्या रंगात बसवलं.

आशियातल्या मार्केटचा हिशोबही मला कधी पटला नाही, कारण तिथल्या फुटबॉल बघणाऱ्या लोकांसमोर लाल जर्सी आधीपासूनच होत्या, मँचेस्टर युनायटेडची होती, लिव्हरपूलची होती, आर्सेनलची होती, तिथे आणखी एक लाल टीम येऊन वेगळी कशी उठून दिसणार होती? शुभ रंग घेतला म्हणजे ओळख मिळत नाही. उलट निळा पक्षी लावलेली वेल्सची एक जुनी टीम, जिने १९२७ मध्ये कप इंग्लंडबाहेर नेला, ही गोष्ट सांगितली असती तर कुणीतरी थांबून ऐकली असती. त्या फायनलचा गोल पण किती सांगण्यासारखा आहे, ह्युई फर्ग्युसनचा शॉट आर्सेनलचा गोलकीपर डॅन लुईसच्या हातातून निसटून आत गेला, आणि हा डॅन लुईस स्वतः वेल्श होता. असा इतिहास हाताशी असताना तो बाजूला ठेवून नवीन चिन्हात अर्थ भरायला घेतला.

इथे कुणी विचारेल, आणि बरोबरच विचारेल, की क्लबने १९०८ मध्ये स्वतःच चॉकलेटी-पिवळा सोडून निळा घेतला होता ना, मग तेव्हा परंपरा कुठे गेली? मी यावर बराच विचार केलाय. १९०८ मध्ये त्या रंगात कुणाचं आयुष्य गेलेलं नव्हतं. नऊ वर्षांचा लहान क्लब होता. २०१२ पर्यंत मात्र आजोबांनी नातवाला निळा स्कार्फ दिलेला होता, लोकांच्या हातावर पक्ष्याचे टॅटू होते, वडिलांच्या अंत्यसंस्काराला निळा झेंडा टाकलेली घरं असणार. रंग तोच, पण मधल्या शंभर वर्षांत लोकांनी त्यात जे ठेवलं त्याने तो जड झाला. म्हणून लोगो कधी बदलता येतो आणि कधी नाही हे फक्त डिझाईन बघून सांगता येत नाही, तो किती लोकांनी किती वर्षं अंगावर घातलाय ते बघावं लागतं.

ही केस अवघड होते ती यामुळे की टीम जिंकली. हरली असती तर सोपं होतं, लाल रंग अपशकुनी म्हणून सगळे मोकळे झाले असते. पण पहिल्याच लाल सीझनमध्ये, २०१२-१३ ला, कार्डिफ चॅम्पियनशिपमध्ये पहिली आली. १६ एप्रिल २०१३ ला घरच्या मैदानावर चार्ल्टनशी ०-० ड्रॉ झाला आणि प्रमोशन पक्कं झालं, १९६२ नंतर पहिल्यांदा वरच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे ५१ वर्षांनी. लोक मैदानात घुसले, रडले, नाचले, लालवाले आणि निळेवाले दोन्ही. ज्या क्षणाची दोन पिढ्यांनी वाट बघितली तो आला तर चुकीच्या रंगात आला. त्या दिवशीचे फोटो आयुष्यभर भिंतीवर लावायचे आणि त्यात आपली टीम लाल. मला वाटतं यापेक्षा मोठी गुंतागुंत एखाद्या फॅनच्या वाट्याला येऊ नये.

प्रीमियर लीगमध्ये सुरुवात तर जोरात झाली, ऑगस्ट २०१३ मध्ये घरच्या पहिल्याच मॅचला मँचेस्टर सिटीला ३-२ हरवलं. मग मालक आणि मॅनेजर माल्की मॅकाय यांचं बिनसलं, डिसेंबरमध्ये मॅकायना काढलं, ओले गुन्नार सोल्शायर आले, आणि सीझनच्या शेवटी टीम ३० पॉइंटवर विसाव्या म्हणजे शेवटच्या नंबरवर राहून खाली गेली. यश होतं तोवर लाल रंगाला एक आधार होता, आता तोही गेला. जे लोक प्रमोशनसाठी गप्प बसले होते तेही बोलायला लागले, निळा रंग परत आणा म्हणून मोर्चे निघाले, फॅन्सचे गट एकत्र आले. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. २ जानेवारी २०१५ ला एफए कपची कोलचेस्टरविरुद्धची मॅच होती, तीस हजारांवर माणसं बसतील अशा स्टेडियममध्ये आली चार हजारांच्या आसपास. घोषणा, बॅनर, पत्रं याला मालक उत्तर देऊ शकतो, रिकाम्या खुर्चीला काय उत्तर देणार?

आणि मग आठवड्याभरात, ९ जानेवारी २०१५ ला, क्लबने जाहीर केलं की घरची जर्सी परत निळी. टॅन यांनी याचं श्रेय आपल्या आईला दिलं, त्या बौद्ध आहेत आणि त्यांनी एकोपा आणि समाधान यांचं महत्त्व समजावलं असं त्यांनी सांगितलं. मला ही गोष्ट मनापासून आवडते. ज्या सांस्कृतिक विश्वासातून लाल रंग आला होता, शुभ-अशुभाच्या, त्याच घरातून, त्याच संस्कारातून तो मागे पण घेतला गेला. याला कुणी पराभव म्हणू नये असं मला वाटतं, चूक कळल्यावर जाहीरपणे मागे फिरणारे मालक किती असतात? दुसऱ्याच दिवशी, १० जानेवारीला, फुलहॅमविरुद्ध टीम निळ्यात उतरली आणि १-० जिंकली.

मार्च २०१५ मध्ये नवीन बॅज दाखवला, पुढच्या सीझनपासून लागू. पक्षी परत मध्ये आणि मोठा, आणि खाली तळाला एक छोटा ड्रॅगन. पण आता तो वेल्सचा ड्रॅगन नाही, पूर्वेकडचा लांब, सापासारखा वळणारा ड्रॅगन आहे. हा फरक बारीक वाटतो पण बघा, वेल्श ड्रॅगन चार पायांचा, एक पंजा वर उचललेला, पंख असलेला, झेंड्यावर शोभणारा, लढणारा प्राणी, तर पूर्वेकडचा ड्रॅगन पाऊस आणणारा, भाग्य आणणारा, बिनपंखांचा, लाटेसारखा. २०१२ मध्ये दोन ड्रॅगन एकच आहेत असं समजून काम केलं गेलं होतं, २०१५ मध्ये पहिल्यांदा कुणीतरी मान्य केलं की हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि मालकाच्या घरचा ड्रॅगन खाली सहीसारखा ठेवला. काही जणांना तो तिथे नको वाटतो. मला चालतो. क्लबच्या इतिहासात ती तीन वर्षं झाली आहेत, खोडून टाकता येणार नाहीत, आणि पैसा त्या माणसाचाच होता हेही खरं. फक्त कोण मोठा कोण छोटा हे आता बरोबर झालंय.

कार्डिफनंतर इतरांच्या केसेस पण झाल्या. हल सिटी या इंग्लिश क्लबच्या मालकांना नाव बदलून हल टायगर्स करायचं होतं, २०१४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने म्हणजे एफएने परवानगी नाकारली. लीड्स युनायटेडने जानेवारी २०१८ मध्ये छातीवर मूठ ठेवलेल्या माणसाचा बॅज आणला, दहा हजार लोकांशी बोलून केलाय असं सांगितलं, आणि काही तासांत विरोधाच्या पिटिशनवर हजारो सह्या जमल्या, बॅज मागे. उलट इटलीच्या युव्हेंटसने २०१७ मध्ये जुना बॅज काढून नुसतं इंग्रजी 'J' हे अक्षर ठेवलं, तिथेही नाराजी झाली पण ते टिकलं, कारण माझ्या मते काळे-पांढरे पट्टे तेव्हा जर्सीवरही राहिले आणि त्या अक्षराच्या रेषांतही उतरले, म्हणजे ज्यात लोकांचा जीव होता त्याला हात लावला नव्हता. आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी नवा कायदा झाला, त्यात बॅज किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर बहुसंख्य फॅन्सचा पाठिंबा असल्याचं क्लबला दाखवावं लागणार आहे. २०१२ मध्ये हा कायदा असता तर मे महिन्यातच विषय संपला असता.

कार्डिफ २०१८ मध्ये परत प्रीमियर लीगमध्ये गेली. मालक तेच व्हिन्सेंट टॅन, स्टेडियम तेच, ६ मेला शेवटची मॅच रेडिंगविरुद्ध, स्कोअर पण तोच २०१३ चा, ०-०, आणि लोक परत मैदानात घुसले. पुढच्याच सीझनला टीम परत खाली आली, तेही २०१४ सारखंच. फक्त या वेळच्या प्रमोशनच्या फोटोंमध्ये सगळे निळे आहेत.